पायात काय घालावे, हे जमिनीला विचारा

ज्येष्ठ महिना सरत आला की संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत येते. तेथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी गावे घेत ती इंदापुरास पोहोचते आणि पुढे सराटीजवळ नीरा नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे. लाखो माणसे ते पायी चालून जातात. विद्यार्थी मित्रहो, एखाद्या वर्षी या रस्त्याच्या कडेला उभे राहून वारकऱ्यांच्या फक्त पायांकडे पाहा. कोणी अनवाणी असतो. कोणाच्या पायात अंगठ्याची रबरी चप्पल असते, कोणाच्या पायात टाचेमागे पट्टा असलेली सँडल. कोणी पायमोजे घालून कापडी बूट चढवलेले असतात, तर कोणी बूट काढून दोरीने गळ्यात अडकवलेले असतात!

रस्ता एकच, दिवस एकच, अंतरही तेच. मग यांच्यापैकी बरोबर कोण?

बहुतेक शाळांत या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. बंद बूट म्हणजे शिस्त आणि आरोग्य; चप्पल-सँडल म्हणजे गबाळेपणा. हे उत्तर तपासून पाहावे असे मला वाटते. 'बूट चांगला की सँडल चांगली' हा प्रश्नच अपुरा आहे. कोठे, केव्हा आणि किती वेळ चालायचे, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. ते सांगितले, तर उत्तर पुष्कळदा आपल्या समजुतीच्या उलट येते. दिवसाउजेडी रस्त्याने चालायला, विशेषतः पावसाळ्यात, मागे पट्टा असलेली सँडल बंद बुटापेक्षा सरस ठरते. उसाच्या शेतात आणि अंधारात मात्र घोट्याच्या वर जाणारा बंद बूटच हवा. आज आपण नेमके उलट करतो. शाळेच्या फरशीवर बूट घालतो आणि उसात चपलांवर जातो!

पाऊल कसे घडते?

आपल्या प्रत्येक पावलात २६ हाडे आहेत. स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांनी ती अशी बांधलेली असतात की तळव्याच्या आतल्या बाजूस एक कमान तयार होते. पाऊल टेकले की ही कमान किंचित दबते आणि उचलताना पुन्हा वर येते. बैलगाडीला नसलेली आणि मोटारीला असलेली 'स्प्रिंग' ती हीच. लहान मुलाच्या पावलात ही कमान दिसत नाही. वाढत्या वयाबरोबर ती हळूहळू तयार होते.

पायात काय घातले यावर या वाढीचा परिणाम होतो का? कर्नाटकातील राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन हा प्रश्न तपासला. १९९२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के आढळले. न वापरणाऱ्यांत ते अवघे २.८ टक्के होते. वापरणाऱ्यांतही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत सपाट पावले जास्त होती, सँडल किंवा चपला घालणाऱ्यांत कमी.

हे आकडे वाचून लगेच बूट फेकून देऊ नका. बूट घालणारी आणि न घालणारी मुले इतर बाबतींतही निराळी असू शकतात. शिवाय पुष्कळ सपाट पावले आयुष्यभर दुखतही नाहीत. परंतु 'वाढत्या पायाला बंद बूट हवाच' या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, एवढे तरी या पाहणीवरून दिसते. पायाच्या बोटांना पसरायला आणि हलायला मोकळीक हवी. चिंचोळ्या टोकाचा बूट नेमकी तीच हिरावून घेतो. मोठेपणी बोटांवर उठणारी कुरुपे ही बहुधा अशाच दाबाची देणगी असते.

तुमच्या पावलाची कमान पाहायची असेल तर तळवा ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर टेकवा. ठशाचा मधला भाग आतल्या बाजूने कोरलेला दिसला तर कमान आहे. ठसा सलग भरलेला दिसला तर पाऊल सपाट आहे.

ओलाव्याचे गणित

बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. म्हणून येथे ओल्या पायांचा प्रश्न नाही असे कोणी म्हणेल. पण नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने येथील काळी जमीन बारमाही भिजलेली असते. काळ्या मातीतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात, म्हणून ती पायाला धरून ठेवते. कालव्याखालच्या वस्तीवरून शाळेत येणाऱ्या मुलाला पाऊस एक दिवस पडला तरी पाणंदीतला चिखल आठवडाभर तुडवावा लागतो.

भिजलेल्या बुटात काय होते? तळपायावर घर्मग्रंथी दाट असतात. उघड्या पायाचा घाम वाऱ्याने उडून जातो आणि बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता त्वचेतून घेतली गेल्यामुळे पाय थंड राहतो. बंद बुटात हवा खेळत नाही. आतली हवा बाष्पाने भरली की घाम उडायचा थांबतो. त्यात वरून चिखलाचे पाणी शिरले तर पायमोजा ओल्या पोतेऱ्यासारखा पायाला लपेटून बसतो. ओली त्वचा मऊ पडते. कोरड्या त्वचेपेक्षा दमट त्वचेवर घर्षण जास्त होते, म्हणून फोड लवकर येतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सुटू लागते आणि तेथे बुरशी वाढते. यालाच आपण चिखल्या म्हणतो.

चिखल्या सँडल घालणाऱ्यालाही होतात, हे खरे. शेतात दिवसभर पाण्यात उभे राहणाऱ्या माणसाच्या पायात बूट नसूनही त्या होतात. फरक पडतो तो नंतर. सँडल घातलेला मुलगा शाळेच्या नळावर पाय धुतो, पुसतो आणि पाचदहा मिनिटांत त्याचे पाय कोरडे होतात. बूट घातलेला मुलगा तेच ओले पायमोजे घालून पाच तास वर्गात बसतो. घरी गेल्यावर बूट चुलीजवळ ठेवले तरी पावसाळी हवेत एका रात्रीत वाळत नाहीत.

दुसरे गणित वजनाचे. साठ सेंटिमीटरांचे पाऊल धरले तर एका किलोमीटरला सुमारे १,६०० पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पाय ८०० वेळा उचलला जातो. शाळा तीन किलोमीटरांवर असेल तर जाऊन येऊन सहा किलोमीटर होतात. दोन्ही पाय मिळून ९,६०० वेळा उचलले जातात. तुमचा एक बूट सँडलपेक्षा १५० ग्रॅमने जड असेल, तर दिवसाकाठी १,४४० किलोग्रॅम जादा वजन तुम्ही थोडे थोडे करून उचलता. पायावरचे ओझे पाठीवरच्या ओझ्यापेक्षा जास्त दमवते, हेही लक्षात ठेवा. अमेरिकन सैन्याच्या संशोधकांनी १९६९ साली केलेल्या प्रयोगांत, पायाला बांधलेले वजन वाहण्यास तेवढ्याच वजनाच्या माणसाला स्वतःचे अंग वाहण्यापेक्षा चार ते सहा पट ऊर्जा लागते असे आढळले होते. दप्तराच्या ओझ्याबद्दल आपण बोलतो. बुटाच्या ओझ्याबद्दल कोणी बोलत नाही!

चप्पल आणि सँडल यांत फरक आहे

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. उघडे पादत्राण म्हणजे अंगठ्याची चप्पल नव्हे. सुट्या चपलेत टाच मोकळी असते. पाऊल उचलताना चप्पल निसटू नये म्हणून पायाची बोटे तिला सतत पकडून ठेवतात. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली अशा चपला आणि खेळाचे बूट घालून चालणाऱ्यांची तुलना केली, तेव्हा चपला घालणाऱ्यांची पावले आखूड पडत असल्याचे दिसले. घराच्या अंगणापुरती चप्पल सोयीची, पण लांब चालीसाठी नाही. काळ्या चिखलात तर तिची फजितीच होते. पाय वर येतो, चप्पल खाली राहते आणि ओढाताणीत अंगठा तुटतो.

टाचेमागे पट्टा आला की हा दोष जातो. पादत्राण पायाला धरून राहते, बोटांना पकड धरावी लागत नाही. तळ मात्र जाड, खोबणीदार आणि वाकणारा हवा. कोल्हापुरी चपलेचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले हे कातडे कोरड्या दिवसांत उत्तम. नवी असताना चावते, पुढे पायाचा आकार घेते. परंतु पाण्यात ती फुगते आणि तिचे टाके सैल होतात. तेव्हा पावसाळ्यात तिला खुंटीवर विश्रांती द्यावी.

आणि अनवाणी?

अनवाणी पायांची थोरवी सांगणारी उदाहरणे पुष्कळ आहेत. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. आपल्या बारामतीच्याच लता भगवान करे यांनी स्थानिक मॅरेथॉनमधील ज्येष्ठांची शर्यत नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावून जिंकली. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. २०२० साली त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःची भूमिका केली.

या पराक्रमांना नमस्कार करावा, पण त्यांतून चुकीचा निष्कर्ष काढू नये. बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला आणि तेथेही जिंकला, तोही रोमपेक्षा सुमारे तीन मिनिटे कमी वेळात! लताबाई अनवाणी धावल्या त्या गरजेपोटी. त्यांच्या पायांचे कौतुक करताना अनवाणी चालणे हा आरोग्याचा मंत्र आहे असे आपण म्हणू लागलो, तर ज्यांना पादत्राण परवडत नाही त्यांच्या गरिबीलाच आपण गुण ठरवू.

अनवाणी पायाला असलेला एक धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या, घाण झालेल्या मातीत राहतात आणि तळपायाच्या अखंड त्वचेतून आत शिरतात. १८९८ च्या सुमारास कैरो येथे आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर चुकून अशा अळ्यांचे पाणी सांडले आणि त्यातून हा मार्ग उघडकीस आला. हा कृमी आतड्यात रक्त पितो, आणि मूल फिकट व थकलेले दिसू लागते. शाळेत तुम्हाला जंताची गोळी दिली जाते ती या कृमीसाठीही असते. गोळीबरोबर शौचालय आणि पायात साधी चप्पल, एवढे असले तरी या कृमीची वाट बरीचशी अडते.

माळरानावर

कालव्याच्या वर गेले की जमीन बदलते. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा पाहायला सहल निघाली, तर पायाखाली मुरूम, बाभळीचे काटे, सराटे आणि कुसळी गवत लागते.

काट्याचे गणित दाबाचे आहे. ४०० न्यूटन वजनाचा विद्यार्थी दोन्ही पायांवर उभा असेल आणि तळव्यांचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला २ न्यूटन येतो. आता वजनाचा फक्त शंभरावा भाग, म्हणजे ४ न्यूटन, काट्याच्या टोकावर आला असे समजा. टोकाचे क्षेत्रफळ एक दशांश चौरस मिलिमीटर असेल, तर तेथे दाब दर चौरस सेंटिमीटरला ४,००० न्यूटन होतो, म्हणजे दोन हजार पट! म्हणून झिजलेल्या स्पंजच्या चपलेतून बाभळीचा काटा सहज आरपार येतो. येथे बूट की सँडल यापेक्षा तळ किती जाड आणि चिवट आहे, हे महत्त्वाचे.

कुसळाची गोष्ट निराळी. कुसळी गवताच्या बीला एक लांब, पिळदार शेपटी असते. हवेतील ओलावा वाढला की पीळ उलगडतो, कमी झाला की पुन्हा बसतो. या फिरण्याने बी गिरमिटासारखे आत शिरते. टोकाजवळचे केस मागे वळलेले असल्याने ते परत फिरत नाही. जमिनीत रुजण्यासाठी गवताने साधलेली ही युक्ती पायमोज्यातही तितकीच चालते! सँडलमधल्या पायावरचे कुसळ लगेच दिसते आणि काढता येते. पायमोज्यात आणि जाळीच्या बुटात शिरलेले कुसळ दिवसभर टोचत राहते. पण उघड्या बोटांना बोरीची खालची फांदी ओरबाडते, हेही तितकेच खरे. म्हणून माळावर मी कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या, जाळी नसलेल्या बंद बुटाच्या बाजूने मत देईन; पण ऑक्टोबरपासून, म्हणजे जमीन वाळल्यावर.

उसात मात्र तडजोड नाही

आता सर्वांत गंभीर मुद्दा. उसाच्या सरीत पाचट पडलेले असते. पाचटात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप माणसांच्या मृत्यूला प्रामुख्याने कारण ठरतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

बहुतेक दंश पावलावर, घोट्यावर किंवा पोटरीच्या खालच्या भागावर होतात. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. तेव्हा दारे धरायला जाणारा माणूस ओल्या सरीत, पाचटावर, चपलेने किंवा अनवाणी चालत असतो. घोणस हलत नाही, पाचटाच्या रंगात मिसळून पडून राहते. पाऊल तिच्यावर पडले की ती चावते. तिचे विषदंत सुमारे दीड सेंटिमीटर लांब असतात. सँडल येथे कुचकामी. शाळेचा आखूड बूटही घोटा उघडाच ठेवतो. येथे पोटरीपर्यंत येणारा जाड रबराचा गमबूट हवा, हातात बॅटरी हवी आणि पुढची जमीन ठोकायला काठी हवी. गमबूट म्हणजे अभेद्य चिलखत नव्हे, पण दात आणि कातडी यांच्यामध्ये त्याने जाड रबर आणि थोडी पोकळी घातलेली असते. त्यात घाम येतो, पाय शिजल्यासारखा होतो, हे खरे. पण दोन तासांचा घाम आणि घोणशीचा दंश यांची तुलना कोण करील?

त्यातूनही दंश झालाच तर दोरी आवळून बांधू नये, जखम कापू नये, रक्त चोखू नये. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष हाच उपाय.

बंद बुटाचा एक धोका येथेच सांगतो. रात्रभर ओसरीत पडलेला बूट ही विंचवाला आवडणारी अंधारी जागा आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. तरी बूट उलटा करून आपटल्याशिवाय पायात घालू नये, हा नियम औषधापेक्षाही स्वस्त आहे.

शिस्तीचे काय?

शिक्षक विचारतील, 'मग गणवेशातील बुटाचे काय?' त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. एकसारखे बूट घातले की श्रीमंत-गरीब हा भेद पायांत तरी दिसत नाही. शिवाय आपल्या समाजाचा इतिहास असा की एकेकाळी काही जातींच्या लोकांना वरच्या मानलेल्या लोकांसमोर पायात वहाणा घालून जाण्याची बंदी होती. ज्यांनी गावाच्या वहाणा शिवल्या, त्यांनाही! अशा घरातील आईबापांना मुलाच्या पायातला चकचकीत बूट हा मान वाटतो, आणि तो तसा वाटणे योग्यच आहे.

परंतु समता बुटात नसून सर्वांना सारखे मिळण्यात आहे. सर्वांना एकाच रंगाची, मागे पट्ट्याची सँडल दिली तरी ती साधते. राज्य शासनाने २०२३ साली जिल्हा परिषद व इतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मंजूर केले, दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरून. मुलांच्या पायांचा विचार झाला ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण बुटाची जोडी एकच असली की ती भिजल्यावर दुसऱ्या दिवशी ओलीच घालावी लागते. जून ते सप्टेंबर सँडल आणि पुढे बूट, एवढी मुभा शाळेने दिली तर खर्च फारसा न वाढता पाय कोरडे राहतील. कवायत व खेळ यांसाठी बूट वेगळे ठेवता येतील. आणि ज्या मुलाची वाट उसातून जाते, त्याने अंधारात गमबूट घालून यावे व शाळेत ते बदलावेत. त्याला कोणी हसू नये. प्रयोगशाळेच्या पडवीत एक फळी ठोकली की व्यवस्था झाली.

घरातील वडीलधाऱ्यांकडेही लक्ष द्या. मधुमेह जुना झाला की पायांतील संवेदना मंदावते. तापलेल्या डांबरावर पाय भाजला किंवा काटा मोडला तरी ते कळत नाही, आणि जखम चिघळते. उन्हाळ्यातील दुपारी डांबराचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि पावसाने ओढ दिली तर वारीच्या दिवसांतही रस्ता चटके देतो. अशा आजीआजोबांनी अनवाणी चालू नये. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम केले. अशा पायांसाठी वर मऊ, सूक्ष्मछिद्री रबर, खाली चिवट तळ आणि मागे पट्टा अशी पादत्राणे आपल्या देशात रूढ झाली. 'एमसीआर चप्पल' म्हणून डॉक्टर आजही ती सुचवतात. मऊ रबर दाब सगळ्या तळव्यावर पसरवते. म्हणजे काट्याच्या गणिताच्या बरोबर उलट! काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात. घरातल्या वारकऱ्याच्या पायांखाली एक मऊ तळ असावा, हीही तशीच एक पायघडी समजा.

तुम्ही काय कराल?

माझे मत तुम्ही मानावे असा आग्रह नाही. ते तपासावे असा आहे. येत्या पावसाळ्यात वर्गात एक नोंदवही ठेवा. शिक्षकांच्या परवानगीने काही जणांनी बूट आणि काही जणांनी सँडल वापरावी. दर शनिवारी फोड, चिखल्या, ठेच आणि काटा यांची नोंद घ्या. ज्याची वाट डांबरी आहे आणि ज्याची पाणंदीची आहे, त्यांची नावे वेगळी लिहा, नाहीतर रस्त्याचा दोष बुटाच्या माथी बसेल. ओला बूट आणि ओली सँडल घरगुती काट्यावर तोलून, दर दोन तासांनी वजन किती घटते तेही पाहा. चार महिन्यांनी ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. एका लेखकाच्या मतापेक्षा तुमच्याच शाळेतील चाळीस जोडी पायांचा पुरावा त्यांना अधिक पटेल.

आणि या सगळ्यांतून एकच गोष्ट करायची झाली, तर ती अशी: यंदा घरात पादत्राणांसाठी पैसे निघतील, तेव्हा शाळेच्या बुटाआधी रात्री दारे धरायला जाणाऱ्या माणसासाठी गमबूट घ्यायला सांगा.